आर्बिट्रेशनची पंचवीस झाडं

"साहेब, झाडं किती लावायची ते ह्या कागदात लिहिलेलंच न्हाई," गोदाबाई म्हणाली.

ती माझ्या टेबलासमोर उभी होती. हातात आमच्याच कचेरीच्या शिक्क्याचा हुकूम होता. तिला वाचता येत नव्हतं. तिनं तो गावच्या पटवाऱ्याकडून दोनदा वाचून घेतला होता. दोन्ही वेळा आकडा निघाला नाही, म्हणून ती पहाटे निघून सहा कोस चालत आली होती.

तिच्या प्रकरणाची मिसल माझ्या पाठीमागच्या मांडणीवर होती. मिसल म्हणजे एका प्रकरणाचे सगळे कागद एकत्र बांधून ठेवतात ती फाइल. मागे हात केला असता तर ती हाताला लागली असती. मी हात मागे केला नाही.

"पंचवीस," मी म्हणालो.

"आन् माझ्या दिरानं, रंगनाथनं?"

"त्यानंही पंचवीस."

"माघात कोन झाड लावतं, साहेब? पुढं समदा उन्हाळा पडलाय."

"हुकूम आहे."

"बराबर. हुकूम हाये म्हणल्यावर मंग काय." ती वळली, दारापर्यंत गेली आणि पुन्हा थांबली. "कोन्ती लावायची?"

"कोणतीही लावा."

पंचवीस हा आकडा हुकमात नव्हता. ज्या इंग्रजी नोटवरून हुकूम तयार झाला तिच्यातही नव्हता. तो माझ्या तोंडातून आला. मला याद्या करायची सवय आहे, आणि यादी पंचवीसवर संपली की मला बरं वाटतं. दुसरं काही कारण नव्हतं.

ही गोष्ट निजामी राजवटीतली आहे. अंबड भागातल्या एका जहागिरीच्या कचेरीत मी मुतर्जिम होतो. मुतर्जिम म्हणजे एका भाषेतला कागद दुसऱ्या भाषेत करणारा कारकून. जहागीरदार हैदराबादला राहायचे. कारभार पाहायला त्यांनी एक मॅनेजर नेमला होता. हे मॅनेजरसाहेब मद्रासकडचे, तिकडच्या जंगल खात्यातून रिटायर झालेले. माणूस सरळ आणि कष्टाळू. पण त्यांना उर्दू येत नव्हतं आणि मराठी तर बिलकुल नाही. ते प्रत्येक नोट इंग्रजीत लिहायचे. कचेरीचं कामकाज उर्दूत चालायचं. हुकूम साफ अक्षरात लिहून शिक्का मारणारे मुन्शीजी उर्दूत पक्के होते, पण त्यांना इंग्रजीचं एक अक्षर येत नव्हतं.

या दोघांच्या मध्ये मी होतो. माझं भाषांतर बरोबर की चूक, हे त्या कचेरीत कुणालाही तपासता येत नव्हतं. तेव्हा मला हा नोकरीतला मोठेपणा वाटायचा.

माझं गाव टेंभुर्णी. इंग्रजी शिकलो जालन्याच्या शाळेत. तिथल्या मास्तरांना शब्दांची मुळं शोधायचा नाद होता. ते म्हणायचे, "इंग्रजी शब्द पाठ करू नका रे. त्याचं मूळ धरा आणि ओढा. आख्खं झाड हातात येतं." निम्मी मुळं लॅटिनची, निम्मी ग्रीकची. मी त्यांची वही केली होती आणि ती नोकरीतही चालू ठेवली. मॅनेजरसाहेब जंगल खात्यातले असल्यामुळे त्यांच्या नोटमध्ये झाडंझुडपं फार यायची. म्हणून वहीत झाडांसाठी वेगळी पानं होती. सिल्व्हा म्हणजे जंगल, त्यावरून सिल्व्हिकल्चर. फोलियम म्हणजे पान, त्यावरून फोलिएज. लिग्नम म्हणजे लाकूड. डेन्ड्रॉन म्हणजे ग्रीकांचं झाड. डेसिड्युअस म्हणजे पानं झडणारं, कारण त्याच्या पोटात 'पडणं' आहे. आणि आर्बर म्हणजे लॅटिन झाड, त्यावरून आर्बोरिकल्चर, म्हणजे झाडं लावणं आणि जोपासणं.

वहीनं मला एकदा चांगला हात दिला होता. साहेबांनी सडकेच्या कडुलिंबांबद्दल लिहिलं होतं, 'डीफोलिएशन' दिसतं. हा शब्द मी कधी पाहिला नव्हता. मूळ धरलं, ओढलं, 'पानं गेली' असं निघालं. लिंबांना कीड लागून पानं गेलेलीच होती. साहेब खूश झाले. "यू हॅव अ हेड फॉर रूट्स," म्हणाले. त्या दिवसापासून मी अडलेल्या शब्दासाठी कुणाकडे जाईनासा झालो. मोठी डिक्शनरी एकच होती, साहेबांच्या बंगल्यावर. ती मागायला जाणं म्हणजे आपल्याला येत नाही असं कबूल करणं.

आता प्रकरण.

कुंभार पिंपळगावच्या पलीकडे एक वाडी आहे. तिथं अकरा आंब्यांची आमराई होती. आंबे रायवळ, पण झाडं जुनी आणि दरसाल लागणारी. ती दोघा भावांची. थोरला वारला. त्याची बायको गोदाबाई. धाकटा रंगनाथ. गोदाबाईचं म्हणणं असं की, अकरातली सात झाडं तिच्या नवऱ्यानं लावली आणि वाढवली. रंगनाथचं म्हणणं, सगळं वडिलांच्या हातचं, आणि घरात कर्ता आता तो. गोदाबाईनं जहागिरीत दरखास्त दिली. आंबे गेले तर तिच्याकडे कोरडवाहू शेताचा एक तुकडा उरत होता. त्यावर तिचं वर्ष निघत नव्हतं.

साहेबांनी मिसल वाचली आणि तीन ओळींची नोट लिहिली. तिचा मराठीत अर्थ असा: दोन्ही पक्षांनी आर्बिट्रेशन करावं. त्याचं जे फळ येईल ते दोघांनी मानावं. तोवर आंब्यांना कुणी हात लावू नये.

आर्बिट्रेशन हा शब्द माझ्या वहीत नव्हता. पण आर्बर होता, आर्बोरिकल्चर होता. मिसल आंब्याच्या झाडांची होती. साहेबांना झाडांचा नाद होता. पुढच्याच ओळीत 'फळ' होतं. मी मूळ धरलं आणि ओढलं. उर्दूत लिहिलं: 'फरीकैन शजरकारी करें.' म्हणजे दोन्ही पक्षांनी झाडं लावावीत.

मुन्शीजी नक्कल करताना थांबले. चष्मा वर सरकवून म्हणाले, "दिगंबरराव, झगडा आंब्याचा हाय. ह्येच्यात शजरकारी कशापायी?"

"साहेबांचा स्वभाव तुम्हाला माहीत आहे. झाड दिसलं की झाड लावा म्हणतात."

"त्ये बराबर. पर भांडनाचा फैसला झाडं लावून?"

"मुन्शीजी, शब्द लॅटिन आहे."

 त्यांनी चष्मा खाली घेतला, नक्कल पुरी केली आणि शिक्का मारला. लॅटिन हा शब्द मी त्यांच्या तोंडावर दार लावून घ्यावं तसा वापरला होता.

त्यानंतर आठ-दहा दिवसांनी गोदाबाई आकडा विचारायला आली. तिचा प्रश्न साधा होता, अकलेचा होता. मला तेव्हाच थांबायला हवं होतं. मी पंचवीस म्हणालो आणि पुढची मिसल ओढली.

फाल्गुन सरता सरता एक दुसरं प्रकरण आलं. जहागिरीतल्या कापसाच्या गाठींवरून जालन्याच्या दोन आडत्यांचं भांडण. साहेबांनी नोटमध्ये लिहिलं होतं, दोघांनी मिळून एक आर्बिट्रेटर नेमावा.

मी लेखणी उचलली आणि खाली ठेवली. कापसाच्या गाठींच्या भांडणात झाडवाला कशाला?

साहेब त्या दिवशी दौऱ्यावर होते. मी बंगल्यावर गेलो. स्वयंपाक्याला म्हणालो, साहेबांनी एक शब्द पाहायला सांगितलाय. डिक्शनरी टेबलावरच होती. मी उभ्यानंच उघडली. आर्बिट्रेशन: दोन्ही पक्षांनी निवडलेल्या तिसऱ्या माणसाकडून भांडणाचा निवाडा. म्हणजे लवाद. आपले पंच. उर्दूत सालिसी. आर्बर आणि आर्बोरिकल्चर त्याच पानावर, खाली होते. मध्ये चार बोटांचं अंतर.

कापसाच्या मिसलमध्ये मी 'सालिस' असं अचूक लिहिलं. मुन्शीजींनी नक्कल केली. शिक्का मारला.

त्या संध्याकाळी घरी बसून मी यादी केली. एक: उद्याच साहेबांना सांगावं. पुढे लिहिलं, विश्वास जाईल, कदाचित नोकरीही. दोन: मुन्शीजींना विश्वासात घेऊन गुपचूप दुसरा हुकूम काढावा. पुढे लिहिलं, मुन्शीजी माझ्या मुठीत नाहीत, मी त्यांच्या मुठीत जाईन. तीन: पटवाऱ्याकडून वाडीला तोंडी निरोप द्यावा की झाडं थांबवा. पुढे लिहिलं, निरोप कुणाचा म्हणून विचारतील. यादी चांगली झाली होती. प्रत्येक कलमापुढे हरकत होती, अक्षर सुबक होतं. मी ती घडी करून वहीत ठेवली आणि तिन्हींपैकी काहीच केलं नाही.

मनाची समजूत घालायला कारणं होती. माघात लावलेली झाडं कोण जगवणार? चार दिवसांत वाळली असतील, बाईनं नाद सोडला असेल. दीर-भावजय आपसात मिटवतील. असं करत चैत्र गेला. पटवारी महिन्याच्या महिन्याला कचेरीत यायचा. दोनदा आला. दोन्ही वेळा मी त्याला वाडीबद्दल विचारलं नाही. विचारलं तर तो सांगेल, ही भीती.

वैशाखाच्या सुरुवातीला साहेबांनी मला बोलावलं. त्यांच्याकडेही यादी असायची, अडून राहिलेल्या मिसलींची.

"ते आंब्याच्या झाडांचं आर्बिट्रेशन काय झालं?"

"चालू आहे, सर."

"तीन महिने? आर्बिट्रेटर कोण आहेत?"

"गावचेच लोक आहेत, सर."

हे मी सहज बोलून गेलो. वाक्य तोंडात तयारच होतं म्हणायचं.

"आंबे पिकायला आले असतील," साहेब म्हणाले. "तुम्ही स्वतः जा. पाहा. आर्बिट्रेटरांची नावं घेऊन या."

दुसऱ्या दिवशी दमणीतून, म्हणजे हलक्या बैलगाडीतून, निघालो. वाडीला पोचेपर्यंत ऊन चढलं होतं. पटवारी वाटेतच भेटला, दमणीबरोबर चालू लागला आणि मी न विचारता बोलू लागला. पटवाऱ्यांना बोलायचं असतंच.

"साहेब, काय फैसला काढला राव मॅनेजरसायबानं. गावात पयले कोनाला उमगलाच न्हाई. मंग पाटलानं फोड केली. म्हणला, अरे, आंबे कोनी लावले त्येचा पुरावा कोनाकडं हाये का? न्हाई. मंग सरकार म्हनून राह्यलं, दोघं बी लावून दाखवा. ज्येच्या हातानं झाड जगतं, त्येचे आंबे. त्येचं जे फळ यील ते माना, असं सोच्छ लिहिलंय. आता समदा गाव आठ दिसाला मोजनी करतो."

 गावानं माझ्या चुकीत शहाणपण शोधून काढलं होतं.

आमराईच्या दोन बाजूंना दोन रांगा होत्या. डावीकडे रंगनाथची. प्रत्येक रोपाला आळं, बोराटीचं कुंपण. त्याची विहीर जवळ होती, मोट चालू होती. पाण्याचं पिंप ठेवलेली बैलगाडी रांगेशेजारीच उभी होती. उजवीकडे गोदाबाईची. तिच्याही रोपांना आळी होती, बोराटी होती. वर तट्ट्यांची सावली केली होती. पण पाणी ओढ्यातलं. ओढा आटलेला. वाळूत खड्डा खणून, पाणी पाझरायची वाट बघून, वाटीनं घागर भरायची आणि दरड चढून यायचं.

मध्ये अकरा आंबे. झाडांखाली पाडाचे आंबे पडले होते, काही फुटलेले, काही काळे पडलेले. माश्या घोंगावत होत्या. एकही कुणी उचललेला नव्हता.

"हे असे पडून का आहेत?" मी विचारलं, उत्तर माहीत असून.

"हुकूम हाये न्हवं," पटवारी म्हणाला. "हात लावायचा न्हाई. पडलेल्याला बी न्हाई, असं पाटलानं ठरवलं. नायतर कोनी बी हलवून पाडील."

गोदाबाई दरड चढून येत होती. डोक्यावर घागर. डाव्या गुडघ्याला फडकं घट्ट बांधलेलं होतं आणि तो पाय ती टेकल्यासारखा करून उचलत होती. मला पाहून तिनं घागर खाली ठेवली.

"मुतर्जिमसाहेब आले. मोजायला आले का?"

"पाहायला आलो. पायाला काय झालं?"

"दरडीवरून गेल्ते खाली, घागरीसगट. घागर फुटली न्हाई, बघा. तांब्याची हाये." तिनं तांब्या बुडवला आणि माझ्यापुढे केला. "प्या. आज एक झाड उपाशी ऱ्हाईल, दुसरं काय."

नको म्हणणं शक्य नव्हतं. मी प्यालो. पाणी गढूळ होतं.

"किती जगली?" मी विचारलं.

"पंचवीसातली अकरा गेली. चौदा हायेत. रंगनाथची ईस हायेत." ती सरळ सांगत होती, तक्रार नव्हती. "त्येच्याकडं बैलं हायेत. माझ्याकडं मीच बैल. पर साहेब, एक इचारते. तुम्ही पंचवीस म्हणले. पंधरा म्हणले असते तर मी पंधराच्या पंधरा जगवली असती. तुमचं पंचवीस कशावरून?"

पटवारी माझ्याकडे बघत होता. झाडाखाली बसलेली दोन-चार माणसंही बघत होती.

"नियम असतो," मी म्हणालो.

तीन महिन्यांपूर्वी मी चूक बोललो ते न कळून. हे वाक्य मात्र मी सगळं कळत असताना बोललो. गढूळ पाण्याचा तांब्या माझ्या हातातच होता.

परत येताना दमणीत मी चौथं कलम शोधत होतो. सापडलं नाही. साहेबांना आर्बिट्रेटरांची नावं हवी होती आणि नावं नव्हती. मी धैर्यानं कबुली दिली असं कुणाला वाटू नये. खोटं बोलायला जागाच उरली नव्हती.

सकाळी साहेबांच्या टेबलासमोर उभं राहून सांगितलं. शब्द कोणता, मी कसा लावला, गावात काय झालं. साहेबांनी मध्ये तोंड घातलं नाही. ओरडलेही नाहीत. आंबे खाली सडताहेत हे ऐकल्यावर मात्र त्यांनी डोळे मिटले.

"आर्बर," ते म्हणाले.

"येस सर."

"या."

त्यांनी मला बंगल्यावर नेलं आणि ती मोठी डिक्शनरी उघडली. मी उभ्यानं वाचलं होतं तेच पान. अर्थाच्या शेवटी बारीक अक्षरात शब्दाचं मूळ दिलेलं असतं. तेवढं मी त्या दिवशी वाचलं नव्हतं. घाईत होतो. साहेबांनी तिथं बोट ठेवलं. आर्बिटर या शब्दाचा झाडाशी काही संबंध नाही. तोही लॅटिनच, पण मूळ वेगळं. डिक्शनरी म्हणते ते असं की, जुना अर्थ 'जो जवळ जाऊन पाहतो तो'.

"तुम्हाला हे काल तिथं गेल्यावर लक्षात आलं?" साहेबांनी विचारलं.

डिक्शनरी आमच्या दोघांच्या मध्ये होती.

"येस सर," मी म्हणालो.

साहेबांनी दोन गोष्टी ठरवल्या. एक, नवा हुकूम त्याच दिवशी निघेल आणि तो घेऊन मीच जाईन, चावडीत मराठीत वाचीन आणि चूक कुणाची ते सांगेन. दोन, यापुढे कोणताही हुकूम शिक्क्याला जाण्याआधी मी तो मुन्शीजींना साध्या बोलीत तोंडी सांगायचा. 'यानं कुणी काय करायचं' एवढंच. मुन्शीजींना पटलं तरच शिक्का. नोकरी त्यांनी ठेवली. मला वाटतं, ती गेली असती तर मला हे सगळं विसरणं सोपं गेलं असतं.

दुसऱ्या दिवशी चावडीत माणसं जमली. मी नवा हुकूम वाचला. झाडं लावायचं म्हटलेलं नव्हतं, पंच नेमायचे होते, भाषांतरात चूक झाली, चूक माझी. पाटलाचा चेहरा पटकन उतरला. तीन महिने तो त्या हुकमाचा अर्थ लोकांना समजावून सांगत होता.

पहिला रंगनाथ बोलला. "म्हंजी मी बैलं राबवली ती फुकटच?"

कुणीतरी हसलं. मग हसू थांबलं, कारण गोदाबाई उठून पुढे आली होती.

"झाडं लावा असं कोनी म्हणलंच न्हवतं?"

"नाही."

"पंचवीस बी न्हवतं?"

"नाही."

"मंग तुम्हाला हे कधी उमगलं, साहेब?"

मी तारखा लिहून ठेवणारा माणूस आहे. मला दिवस माहीत होता. कापसाची मिसल, फाल्गुन वद्य, दुपार. त्या दिवसापासून मोजलं तर दीड महिना होत होता. ती दरडीवरून पडली ती चैत्रात. हे पटवाऱ्यानं परतीच्या वाटेत सांगितलं होतं.

"परवा," मी म्हणालो.

तिनं मान हलवली. "मंग ठीक."

पंच तिथंच नेमले. तीन म्हातारे. ते आमराईत गेले, एकेका झाडाला हात लावत फिरले, हे कोणाच्या हातचं, ते कोणाच्या, आपसात बोलले. त्यांनी त्यातली बरीच झाडं रोप असताना पाहिली होती. बैलाची वैरण संपायच्या आत फैसला झाला. सात गोदाबाईची, चार रंगनाथची. रंगनाथनं फारसं ताणलं नाही. तो निवाडा माघातही तेवढ्याच वेळात झाला असता.

त्या साली सातांचे मिळून चार-पाच पाट्या आंबे तिच्या हाती लागले. बाकीचे मातीत गेले होते. पुढच्या पावसापर्यंत तिनं दिवस कसे काढले ते मी विचारलं नाही.

कचेरीत परतल्यावर मुन्शीजींना सगळं सांगितलं. साहेबांना सांगितलं तसंच, वाडीला गेल्यावरच कळलं असं. त्यांनी ऐकून घेतलं. लेखणीचं टोक पुसलं. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "कापसाच्या मिसलमधे तुम्ही सालिस बराबर लिहिलं व्हतं, दिगंबरराव."

एवढंच. त्यांनी ते पुन्हा कधी काढलं नाही. साहेबांनाही सांगितलं नाही. त्यानंतर सहा-सात वर्षं मी रोज त्यांना हुकूम तोंडी समजावून सांगत होतो, आणि ते रोज तेवढ्याच शांतपणे ऐकत होते.

गोदाबाईचा पाय तसाच राहिला. ती कुंभार पिंपळगावच्या बाजाराला यायची, काठी घेऊन. तिच्या चौदातली बहुतेक कडुलिंबं होती. त्या पावसाळ्यात ती उभी राहिली आणि पुढे बांधावर सावली धरली. बाजारात मी दिसलो की ती लांबूनच हाक मारायची, "मुतर्जिमसाहेब, औंदा किती लावायची?" आसपासचे हसायचे. मीही हसायचो. तिला दीड महिन्याचं माहीत होतं की नव्हतं, हे मला आजवर ठरवता आलेलं नाही. मुन्शीजींची बहीण त्याच बाजाराला यायची.

आता जहागीर नाही, मुतर्जिमाची जागाही नाही. मी पन्नाशीत आहे आणि कलेक्टर कचेरीत मराठी मसुदे तपासतो. हाताखालच्यांना दोन गोष्टी सांगतो. शब्दाचं मूळ सापडलं असं वाटलं की आधी डिक्शनरी उघडा, आणि शेवटच्या बारीक अक्षरापर्यंत वाचा. दुसरी, पक्षकार साधा प्रश्न घेऊन आला तर उत्तर देण्याआधी मिसल काढा. दोन्ही गोष्टी बरोबर आहेत.

तिसरी मी सांगत नाही. वहीत आर्बिट्रेशनच्या पुढे 'झाडं लावणं' खोडून 'लवाद' लिहिलेलं आहे. खाली आर्बिटरचं मूळ: जवळ जाऊन पाहणारा. माझी सवय अशी की प्रत्येक शब्दापुढे तो कधी कळला ती तारीख टाकायची. त्या ओळीपुढे तारखेची जागा कोरी आहे.

फाल्गुन वद्य नवमी.